तेवीस घरांचे चार संघ

बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, आणि त्या उन्हाळ्यात मी जगाचे सहा भाग केले. हे वाक्य लिहिताना मला आजही लाज वाटते आणि अभिमानही वाटतो. प्रमाण विचाराल तर लाज तीन भाग, अभिमान एक भाग. पुढं मला भोरच्या कॉलेजात घालायचं की नाही, यावर घरात अजून एकमत व्हायचं होतं. तोवर माझ्या हाताला काम म्हणजे शेण, पाणी, भाकरी आणि जग. आमची वाडी पासलीच्या वरच्या अंगाला. एसटी पासलीपर्यंत यायची, पुढं चढणीची पायवाट. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, वेल्ह्याच्या बाजारात एका किराणा दुकानात मापाडी होते. दुकानातली गेल्या वर्षीची कॅलेंडरं ते गुंडाळी करून घरी आणायचे. त्यांच्या पाठी कोऱ्या आणि गुळगुळीत. आई त्या फडताळात अंथरायला मागायची, मला देश मांडायला लागायच्या. बहुतेक वेळा मीच जिंकायची, कारण दादांना वाटायचं की पोरगी अभ्यास करते आहे.

कल्पना साधी होती. रोज संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागत आणि त्यात तेच चार मोठे देश बोलत. बाकीचे नुसते उपस्थित असत. मला हे पटत नव्हतं. मी ठरवलं, प्रत्येक देशानं आपल्या शेजाऱ्यांशी संघ करायचा, आणि प्रत्येक संघाची लोकसंख्या सारखी ठेवायची. तराजूची सगळी पारडी सारखी झाली की कोण कोणाला दमात घेणार? आकडे मी शाळेच्या नकाशाच्या पुस्तकातून घेतले. ते शेवटच्या पानांवर बारीक टायपात छापलेले होते आणि जुने होते. जुने आहेत हे माझ्या मनाला इतकं लागलं, की मी सगळ्या देशांची लोकसंख्या एकाच दरानं वाढवून घेतली. तसं केल्यानं समतोलात काडीचा फरक पडत नाही, हे माझ्या तीन दिवसांनी लक्षात आलं. तीन दिवस मी जगभर माणसं वाढवत होते आणि म्हशीला पाणी दाखवायला विसरत होते.

चीन आणि आपण, हे दोन अडचणीचे. दोघांनाही एकेकटा संघ धरला, तर उरलेल्या जगाचे साधारण तेवढ्याच वजनाचे चार गठ्ठे होत होते. पण मग नेपाळ, लंका यांना आपल्यात घेतलं की आपलं पारडं खाली जाई. शेवटी मी लंका पूर्वेकडच्या बेटांच्या संघात टाकली. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिच्या थापण्याला एक लय होती, आणि ती बोलायला लागली तरी लय तुटत नसे.

"लंका कुनाकडं दिलीस?"

"इंडोनेशियाकडं."

"येवढ्या लांब?" थाप, थाप. "जवळ न्हवतं का कोन चांगलं? येनंजानं कसं व्हायचं?"

"आई, मी काय लग्न लावते आहे का?"

"मंग काय करतीस? दिल्या घरी जमतंय का न्हाई ह्ये बगाया नको? त्यांची बोली येगळी, खानं येगळं."

"लोकसंख्या जुळते."

"जुळती, जुळती," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "तुझ्या मामीची पत्रिकाबी लई जुळत व्हती."

मामी लग्नानंतर दोन महिन्यांत माहेरी गेली होती, ती परत आलीच नाही. मी या उदाहरणाकडं दुर्लक्ष केलं. ऑस्ट्रेलियाचं मात्र मला शेवटपर्यंत काही करता आलं नाही. एवढी जमीन आणि एवढी थोडी माणसं! तो मी ज्या संघात उणं पडेल तिथं पासंग म्हणून टाकायचे. आज मी वरवे बुद्रुकला राहते, घरात सहा माणसं, आणि कोशिंबीर सहा वाट्यांत घालून झाल्यावर पातेल्यात जो चमचाभर उरतो, त्याला आमच्या घरात अजून ऑस्ट्रेलिया म्हणतात. मुलांना कारण माहीत नाही.

हे सगळं कॅलेंडरांच्या पाठींवरच राहिलं असतं तर कोणाचं बिघडलं नसतं. पण पावसाळा लागला, रोपं वीतभर झाली आणि आवणी तोंडावर आली. आवणी म्हणजे वाफ्यातली भाताची रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात एकेक करून लावायची. आमच्याकडं चिखलणी पुरुषांची आणि आवणी बायकांची. एकट्या घराच्यानं ती उरकत नाही, म्हणून सावड असते. आज आम्ही सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्याजणी माझ्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस परत करायचा, आणि ज्या घरची पाळी असेल त्या घरानं दुपारचं जेवण घालायचं. आमच्या वाडीत घरं तेवीस. त्यांतल्या वीस घरांना भाताची खाचरं. एक सावड अकरा घरांची, एक पाच घरांची, आणि दोन सावडी दोन-दोन घरांच्या. पाळ्या लावायच्या सरूआत्यांनी. सरूआत्या म्हणजे दादांच्या थोरल्या बहीण, वाडीतल्या सगळ्यांच्याच आत्या. झऱ्यावर हंडा भरेपर्यंत त्या कोणाचा कितवा दिवस ते सांगून मोकळ्या होत. लिहिलेलं काही नाही, आणि भांडणही नाही.

त्या वर्षी नेमक्या आवणीआधी सरूआत्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भोरला जावं लागलं. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही असं सांगितलं, म्हणून त्या तिथंच लेकीकडं राहिल्या. झऱ्यावर बायकांची चार दिवस नुसतीच वादावादी झाली. पाचव्या दिवशी आईनं हंडा डोक्यावर घेता घेता सांगून टाकलं, "आमची सुमी अख्ख्या जगाच्या पाळ्या लावती. ह्या तर तेवीस घरांच्या." नंतर कितीतरी वर्षं मी या एका वाक्याबद्दल आईला बोल लावला. पण त्या क्षणी मी आईकडं असं बघितलं की जणू तिला एवढं सांगायला चार दिवस का लागले.

सावडींकडं बघून माझ्या अंगावर काटा आला. अकरा घरांची एक आणि दोन घरांची एक! हे तर रेडिओवरचंच जग. शिवाय वरच्या पठारावरची तीन घरं कुठल्याच सावडीत नाहीत. त्या घरांना खाचरं नव्हती, म्हशी आणि शेळ्या होत्या आणि उतारावर थोडी नाचणी, हे मला माहीत होतं. पण एखाद्याला सभासदच न करणं हा मला अन्याय वाटला. मी कॅलेंडरच्या पाठीवर तेवीस घरं मांडली. घरोघर जाऊन रेशनकार्डं बघितली. माणसं भरली एकशे अठ्ठावीस. चारानं भाग जातो! बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस. इतका आनंद मला बारावीचा निकाल हातात पडल्यावरही झाला नव्हता. तान्हं मूल एक, म्हातारा एक, पुरुष एक, बाई एक. माणूस म्हणजे माणूस, त्यात भेद करायचा नाही, हे माझं तत्त्व होतं. बत्तीस माणसांतली किती माणसं चिखलात वाकून रोप लावतात, हा प्रश्न मला पडला नाही. मी त्याच वाडीत जन्मलेली, दरवर्षी बांधावर आईची भाकरी घेऊन गेलेली मुलगी. आणि आवणी बायका लावतात हे मी बेरजेच्या आनंदात विसरले. असा विसर पडायला शिक्षण लागतं.

एकदम जुळलं मात्र नाही. पहिल्या संघात छत्तीस झाले आणि चौथ्यात अठ्ठावीस. छत्तिसातून नेमकं चार माणसांचं एक घर उचलायचं होतं. तसं घर एकच होतं, हौसाकाकूचं. काकू माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनीच मोठी, म्हणून मी तिला अगं-तुगंच करायची. नवरा पुण्याला टेम्पोवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा यायचा, रेशनकार्डावर मात्र रोज हजर. दोन लहान मुलं. म्हणजे कार्डावर चार आणि चिखलात एक. पण काकूचा हात असा होता की ती एकटी दोघींची ओळ लावायची, म्हणून अकरा घरांच्या सावडीत तिचा मान होता आणि तिची खाचरं दरवर्षी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवी व्हायची. मी तिला पहिल्या संघातल्या तिच्या सोबतिणींमधून उचललं आणि चौथ्या संघात पासंग म्हणून टाकलं. यादीत शेवटी लिहिली, म्हणून पाळीही शेवटची.

"मला का गं हिकडं?" काकूनं विचारलं. ती दारात नाचणी निवडत होती.

"समतोलासाठी."

"बरं," काकू म्हणाली. मला वाटलं तिला पटलं. आता कळतं की तिनं फक्त वाद घातला नाही.

चौथा संघ कसा होता ते आता सांगूनच टाकते. पठारावरची तीन घरं, माणसं तेरा. एक म्हातारं जोडपं, दोन. एक नऊ माणसांचं घर, त्यात आठ पुरुष. वडील, चुलता आणि सहा मुलगे. बाई एकच, ती त्या मुलांची आई. आणि एक चार माणसांचं घर, त्यात सासूचे गुडघे गेलेले आणि सुनेला आठवा महिना. वर हौसाकाकू. माणसं बत्तीस, पूर्ण. पठारावरच्या बायका शब्दाखातर दोन दिवस आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक आमच्या दारात येऊन म्हणाली, "पोरी, आमचा दिस तुमी परत कशात करनार? आमची म्हसरं वळाया येनार का तुमी?" मी म्हटलं, तसा ठराव करता येईल. ती हसली आणि गेली. मग चौथ्या संघात आवणीला राहिल्या तीनजणी. काकू, त्या सहा मुलांची आई, आणि म्हातारी, जिचा हात बरा होता पण ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत जेवायची वेळ व्हायची. त्यात घर मोठं तशी जमीनही मोठी. नऊ माणसांच्या घराची खाचरं लावायलाच सहा दिवस गेले. मुलगे आठ वाजेपर्यंत चिखलणी उरकून बांधावर बसायचे आणि आईला म्हणायचे, "आये, आवर की." रोपाला हात लावायचा त्यांना रिवाज नव्हता.

पहिल्या संघाची आवणी आठव्या दिवशी संपली. त्या संध्याकाळी आमच्या घरात खेकड्यांचा रस्सा होता, आल्याचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास, आणि दादा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चुलीशेजारी पाय शेकत बसले होते. पहिल्या संघातल्या भामावहिनी दारात आल्या. हातापायांना चिखल तसाच.

"सुमे, आमचं उराकलं. उद्या समद्या हौसीकडं जातो."

मी कॅलेंडर उघडलं. उघडायची काही गरज नव्हती. "वहिनी, ती तुमच्या संघात नाही."

"न्हाई तर न्हाई. रोपं म्हातारी व्हाया लागली तिची."

"पण तुमचं काम संपलं. ती तुमचा दिवस परत कधी करणार? एकदा असं केलं की सगळा समतोल बिघडेल. तिची पाळी येणारच आहे. मधे चारच दिवस राहिलेत."

भामावहिनी उंबऱ्यात उभ्याच राहिल्या. आईकडं बघितलं, दादांकडं बघितलं. दादा पायाकडं बघत होते. मग वहिनी म्हणाल्या, "बग बाई. तू शिकल्याली."

आणि त्या गेल्या. मी रस्सा ओरपला. चांगला झाला होता, हेही आठवतं.

त्या चार दिवसांत पावसानं उघडीप दिली. खाचरांतलं पाणी बसायला लागलं. काकू सकाळी दुसऱ्यांच्या चिखलात आणि संध्याकाळी स्वतःच्या रोपांच्या वाफ्याला घागरीनं पाणी घालायची, आणि वाटेत मी भेटले की "जेवलीस का गं?" म्हणायची. त्याउपर काही नाही. भाताचं रोप वेळेत लागलं नाही तर त्याला पेरं धरतात, मग ते फुटत नाही, लावलं तरी एका काडीची एकच काडी राहते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, तिच्या वाफ्यात बघितलं. काकूकडं दुसरी जमीन नव्हती, आणि टेम्पोवाल्याचा पगार पुण्यातच निम्मा खर्च व्हायचा. वर्षाचा भात तोच.

चौथ्या दिवशी दुपारच्या एसटीनं सरूआत्या आल्या. एका डोळ्याला हिरवं फडकं, हातात पिशवी, लेकीनं वेल्ह्यापर्यंत सोबत करून पासलीच्या गाडीत बसवलेलं. पायवाटेच्या वळणावर जिथून सगळी खाचरं दिसतात तिथं त्या थांबल्या. मी त्यांची पिशवी घ्यायला गेले होते आणि चढणीवर त्यांना माझी योजना सांगत होते. सगळीकडं हिरवं झालं होतं, आणि ओढ्यापलीकडं एक तुकडा नुसता तांबडा, कडेला वाफा पिवळा.

"ते हौसीचं का?" सरूआत्या म्हणाल्या.

"हो. तिची पाळी उद्या..."

"हौसीला शेवटाला कोन ठिवलं?"

"मी. आत्या, बत्तीस होत नव्हते. मी दाखवते तुम्हाला, यादी..."

"मला एकच डोळा हाय," सरूआत्या म्हणाल्या. "त्यो यादीत कशाला घालू?"

घरी येऊन त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. वाडीतून एक चक्कर मारली. कोणाला काय बोलल्या ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काकूच्या खाचरात सतरा बायका होत्या. म्हशींच्या धारा तशाच सोडून पठारावरच्या दोघी उतरल्या होत्या, आणि त्या सहा मुलांपैकी दोघं मान खाली घालून रोपांच्या जुड्या वाहत होते. आईनं बांधावर उभं राहून त्यांना काय ऐकवलं असेल ते असो. मी पोचले तेव्हा भामावहिनी म्हणाल्या, "सायेब आल्या. ओळ धरा." सगळ्याजणी हसल्या. मी साडी खोचली, आत उतरले आणि तिसऱ्याच जुडीला चिखलात बसले. आवणीत मागं मागं सरकायचं असतं. मला मागं सरकायची सवय नव्हती. काकू माझ्या शेजारच्या ओळीत होती. ती आपली ओळ लावत होती आणि डाव्या हातानं माझी तिरकी पडलेली रोपं सरळ करत होती, माझ्याकडं न बघता.

"मानसं मोजाया येत्यात, काड्या न्हाईत व्हय?" ती म्हणाली. "तीन-तीन धर. मूठभर नगो."

दुपारी भाकरी आणि कुर्डूची भाजी तिनंच वाढली. सतरा बायकांचं जेवण तिनं कधी केलं, मला माहीत नाही. मी शेवटी बसले. दिवस मावळायच्या आत खाचर लागलं, पण ते हिरवं दिसत नव्हतं. पिवळंच होतं, फक्त उभं.

पुढच्या वर्षी सरूआत्यांनी त्या दोन-दोन घरांच्या सावडींना मोठ्या सावडीत घेतलं. माझ्यामुळं का, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची तयारी नव्हती. मोठ्यांच्या गर्दीत लहानाला वजन असावं, हे मला आजही खरं वाटतं. फक्त ते वजन मी चुकीच्या तराजूत घातलं होतं, आणि घालण्याआधी त्या घराला बरं वाटतंय का, हे विचारलं नव्हतं. जगातले देश माझ्या हातून वाचले ते एवढ्यासाठीच, की त्यांच्या झऱ्यावर माझी आई पाणी भरायला जात नव्हती.

भाताची झोडपणी झाल्यावर मी काकूकडं गेले. ती सुपानं भात पाखडत होती. फोल उडून तिच्या केसांवर बसलं होतं.

"काकू, औंदा किती झालं?"

"झालं की."

"किती पायल्या? गेल्या वर्षापेक्षा किती कमी?"

सूप थांबलं. "कशाला पायजे?"

"लिहून ठेवायचं आहे. माझ्यामुळं किती गेलं ते मला कळायला पाहिजे."

काकूनं माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. "सांगते आनि तू घरी जाऊन त्याला बत्तिसानं भागशील," ती म्हणाली. "मंग म्हनशील, मानशी पसाभरच तर गेलं. न्हाई सांगत, जा. त्ये दुसरं सूप घे."

मी सूप घेतलं. तेही मला धड येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात काकू पहिल्यांदाच मजुरीला बाहेर पडली, नसरापूरच्या बाजूला, कांदे काढायला. तिची दोन्ही मुलं तितके दिवस आमच्याकडं राहिली. आई रोज जास्तीच्या भाकऱ्या थापायची आणि माझ्याकडं बघायची नाही. त्या भाकऱ्या मी मोजल्या नाहीत, असं लिहायचा मी इथं दोनदा प्रयत्न केला. पण मोजल्या होत्या. आकडा अजून पाठ आहे. तो इथं देत नाही, कारण काकू हे नातीकडून वाचून घेणार, आणि मग मला फोन येणार.